हिरवे दिसते ते सावरलेले असते का?



भूगोलाच्या एका शिक्षकाच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते. अशा ठिकाणी जमिनीविषयी बोलायला मिळणे हा मी माझा सन्मान मानतो. जमिनीचा ऱ्हास आणि तिचे सावरणे उपग्रहांच्या मदतीने कसे अभ्यासतात, हा आजचा विषय आहे. ऐकायला तो प्रयोगशाळेतला वाटतो. पण तुमचा सातबारा, तुमची विहीर आणि तुमच्या गावचे गायरान यांच्याशी त्याचा रोजचा संबंध आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. उपग्रहाला हिरवा रंग फार चांगला दिसतो. पण जमीन हिरवी दिसणे वेगळे आणि जमीन सावरणे वेगळे. हा फरक ओळखायचा असेल तर तीन प्रश्न विचारावे लागतात. चित्र कोणत्या महिन्याचे आहे? कोणत्या वर्षाचे आहे? आणि त्या चित्रातली जमीन कोणी स्वतः पायाखाली घातली आहे?

नांदेड जिल्ह्यातले आपले मुदखेड रेल्वेचे जंक्शन म्हणून ओळखले जाते. एक मार्ग भोकर-किनवटवरून आदिलाबादला जातो, दुसरा उमरी-धर्माबादवरून निजामाबादला. पण नांदेड-हैदराबादच्या बाजारात मुदखेडची ओळख फुलांची आहे. गुलाब, मोगरा, काकडा, गलांडा ही पिके इथल्या अनेक घरांचा संसार चालवतात. तालुक्याला गोदावरीचा काठ आहे, आमदुऱ्याचा बंधारा आहे, ऊर्ध्व पैनगंगेच्या कालव्याचे पाणी काही भागाला मिळते. तिथे केळी, हळद, ऊस दिसतो. त्याच तालुक्यात कोरडवाहू सोयाबीन-कापसाची रानेही आहेत आणि मुरूम उघडा पडलेले माळही. म्हणजे जमिनीच्या जितक्या अवस्था अभ्यासायच्या, तितक्या एका तालुक्यात शेजारी-शेजारी नांदतात.

जमिनीचा ऱ्हास म्हणजे काय? संयुक्त राष्ट्रांचा वाळवंटीकरणविरोधी करार १९९४ मध्ये झाला. त्याने केलेल्या व्याख्येचा गाभा असा, की जमिनीची जैविक किंवा आर्थिक उत्पादनक्षमता घटत जाणे म्हणजे ऱ्हास. आपल्याकडे तो चार वाटांनी येतो. पहिली वाट पावसाच्या पाण्याने होणाऱ्या धुपीची, आणि मराठवाड्यात हीच सर्वांत मोठी. दुसरी, झाडोरा आणि गवत विरळ होत जाण्याची. तिसरी वाट बागायतीतून येते. भारी काळ्या जमिनीला निचऱ्याविना पाणी देत राहिले की ती चिबड म्हणजे पाणथळ होते, पुढे चोपण म्हणजे क्षारांनी घट्ट होते. चौथी, खणण्याची : नदीतली वाळू, माळावरचा मुरूम, वीटभट्टीसाठी काढलेली वरची माती.

धुपीचा वेग किती असतो? ध्रुवनारायण आणि राम बाबू या संशोधकांनी १९८३ मध्ये देशासाठी सरासरी अंदाज काढला : हेक्टरी वर्षाला सुमारे १६ टन. हेक्टरभर पसरून पाहिली तर ही माती जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची भरते. डोळ्याला एवढी झीज कळत नाही, म्हणून ती धोक्याची. आठ वर्षांत सेंटिमीटरभर माती जाते, आणि तेवढी माती खडकापासून तयार व्हायला शतके लागतात. एका माणसाच्या हयातीत शेत काळ्याचे करडे होते, आणि नातवाला वाटते की ते पहिल्यापासून तसेच होते. पिढ्यांची ही विस्मृती भरून काढण्याचे काम उपग्रहांच्या चित्रांनी केले आहे. त्यांचे खरे मोल इथे आहे.

ही चित्रे कशी काम करतात ते थोडक्यात पाहू. जिवंत पान सूर्यप्रकाशातला तांबडा भाग शोषून घेते, कारण त्यावर त्याचे अन्न तयार होते. डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मात्र ते मोठ्या प्रमाणात परत फेकते. उपग्रह हे दोन्ही मोजतो. अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि त्या वजाबाकीला दोघांच्या बेरजेने भागायचे; निघतो तो वनस्पती-निर्देशांक. उघड्या जमिनीवर तो ०.१ ते ०.२ च्या आसपास राहतो, दाट पिकावर ०.६ च्या पुढे जातो. पान सुकू लागले, रोगट झाले की डोळ्याला कळण्याआधी अवरक्तात फरक पडू शकतो. आपल्या देशात याचा पहिला मोठा प्रयोग १९७० च्या सुमारास केरळात झाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक राहिलेले प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळबागांची छायाचित्रे घेतली आणि ‘रूट-विल्ट’ हा मुळांचा रोग लागलेली झाडे शोधून काढली. भारतीय दूरसंवेदनाची सुरुवात अशी शेतकऱ्याच्या बागेतून झाली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी.

अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी सोडला गेला. महाराष्ट्राला ते वर्ष वेगळ्या कारणाने आठवते. बहात्तरच्या दुष्काळात लाखो माणसे नालाबंडिंगच्या, पाझर तलावांच्या, खडी फोडण्याच्या कामांवर होती, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. मराठवाड्याची जमीन सर्वांत होरपळली तेव्हाच तिच्यावर आकाशातून नजर ठेवण्याचे साधन जन्मले. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी गेला. त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झाले. २००८ मध्ये अमेरिकेने लँडसॅटचा सगळा संग्रह मोफत खुला केला आणि २००९ मध्ये इस्रोचे ‘भुवन’ हे नकाशांचे संकेतस्थळ आले. पूर्वी ही चित्रे विकत घ्यावी लागत. आज मोबाइलवर इंटरनेट असलेल्या कोणालाही ती मिळतात.

चित्रात किती बारीक दिसते हे आपण आपल्याच मापाने मोजून पाहू. उपग्रहाचे चित्र लहान-लहान चौकोनांचे बनलेले असते आणि एका चौकोनाला एकच आकडा मिळतो. १९७२ च्या पहिल्या लँडसॅटचा चौकोन सुमारे ८० मीटरचा, म्हणजे दीड एकराहून मोठा. पुढच्या लँडसॅटचा ३० मीटरचा, म्हणजे साधारण नऊ गुंठे. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहावरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे साडेपाच गुंठे. २०१५ पासून फिरणाऱ्या युरोपच्या सेंटिनेल-२ चा चौकोन १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा; आणि दोन सेंटिनेल मिळून दर पाच दिवसांनी तेच ठिकाण पाहतात. मुदखेडला याचा अर्थ फार थेट लागतो. दहा गुंठ्यांचा मोगरा जुन्या लँडसॅटमध्ये शेजारच्या ज्वारीत मिसळून जात असे. सेंटिनेलमध्ये तो वेगळा ओळखू येतो. लहान शेतकरी आकाशातून स्वतंत्रपणे दिसू लागला तो गेल्या दहा वर्षांत. त्याआधीच्या चित्रांवरून केलेली विधाने मोठ्या पट्ट्यांची असतात, एका शेताची नसतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता देशाच्या हिशेबाकडे येऊ. अवकाश विभागाच्याच दोन संस्थांनी दोन नकाशासंग्रह केले आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने केंद्राच्या भूसंसाधन विभागासाठी पडीक जमिनींचा संग्रह केला. त्यानुसार पडीक जमीन २००८-०९ मध्ये ५.६६ कोटी हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये ५.५८ कोटी हेक्टरवर आली. घट झाली. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राने वाळवंटीकरण आणि ऱ्हास यांचा संग्रह केला. त्यानुसार ऱ्हास होत असलेली जमीन २००३-०५ मध्ये ९.४५ कोटी हेक्टर होती, ती २०१८-१९ मध्ये ९.७९ कोटी हेक्टर झाली. देशाच्या भूभागाच्या २९.७७ टक्के. वाढ झाली. महाराष्ट्राचे प्रमाण २००३-०५ मध्ये ४३.३८ टक्के होते, २०११-१३ मध्ये ४४.९३ टक्के.

दोन्ही आकडे उपग्रहांचे, दोन्ही जबाबदार संस्थांचे. मग एक कमी होतो आणि दुसरा का वाढतो? कारण प्रश्न वेगळे आहेत. पहिला संग्रह विचारतो, जमीन वापराविना पडली आहे का? दुसरा विचारतो, जमिनीचे नुकसान चालू आहे का? नांगर घातलेला माळ पहिल्या यादीतून सुटतो. पण उताराचा तो माळ नांगरल्यामुळेच धुपायला लागला, तर तो दुसऱ्या यादीत येतो. पडीक जमीन कमी झाली याचा आनंद मानण्यापूर्वी तिचे पुढे काय झाले हे विचारायला हवे.

पडीक हा शिक्का कित्येक माळरानांवर अन्यायानेच बसला आहे. अबी वनक आणि एम. डी. मधुसूदन या संशोधकांनी देशातल्या गवताळ, झुडपी, खुल्या परिसंस्थांचा उपग्रहाधारित नकाशा केला, तेव्हा त्या भारताच्या भूभागाच्या सुमारे १० टक्के भरल्या. मराठवाड्याचे माळ त्याच कुळातले. तिथे पवन्या, मारवेल, कुसळी उगवते, लांडगा आणि काळवीट फिरतात, मेंढपाळांचे वाडे बसतात. उन्हाळ्यात हा माळ पिवळा पडतो आणि निर्देशांक खाली येतो, तो त्याचा निरोगी ऋतुक्रम आहे. त्याला पडीक म्हणून खड्डे खणले आणि रोपे लावली तर चित्र हिरवे होईलही, पण जी परिसंस्था होती ती जाईल. चराईच्या माळावर वेडी बाभूळ पसरली की निर्देशांक चढतो आणि गवत संपते. उपग्रह त्याची नोंद वाढ म्हणून करतो. मेंढपाळ नुकसान म्हणून करतो. मेंढपाळाची नोंद बरोबर असते.

२०१९ मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या ची चेन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. २००० ते २०१७ या काळात पृथ्वी हिरवी होण्यात चीन आणि भारत आघाडीवर आहेत, असे त्याने दाखवले. आपल्याकडे त्याचे स्वागत झाले. पण त्याच अभ्यासात पुढचे वाक्य आहे : भारतातल्या या वाढीपैकी ८२ टक्के वाटा शेतजमिनीचा आहे, जंगलांचा ५ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे आपले हिरवेपण मुख्यतः वाढलेल्या सिंचनाचे आणि वर्षातून एकाऐवजी दोन पिके घेण्याचे आहे. अन्नधान्याच्या दृष्टीने ते मोलाचे आहे. पण ते पाणी कुठून आले, हे त्या चित्रात नसते. लातूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या मांजरा खोऱ्यात वर्षानुवर्षे उसाचे पट्टे आकाशातून गडद दिसत होते, तिथले धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. हिरवेपण आणि सुरक्षितता यांत किती अंतर असू शकते, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

मग सावरलेली जमीन ओळखायची कशी?

पहिला प्रश्न महिन्याचा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाडा सगळीकडेच हिरवा असतो. त्यातून जमिनीबद्दल फार थोडे कळते. खरी परीक्षा मार्च ते मेमध्ये. तेव्हा ओढ्याकाठी, बांधांवर, माळाच्या पायथ्याशी जे टिकून असते ते जमिनीत मुरलेल्या ओलीचे असते. शिवाय मेमध्ये जमीन उघडी असते आणि तिचा स्वतःचा रंग दिसतो. काळी माती प्रकाश शोषते आणि चित्रात गडद येते. माती जाऊन मुरूम वर आला की तिथे फिकट चट्टा उमटतो. १९९० च्या मेपासून आजच्या मेपर्यंतची चित्रे ओळीने लावली की हे चट्टे वाढले की आक्रसले ते दिसते. धूप मोजण्याची ही साधी, स्वस्त आणि बरीच विश्वासाची पद्धत आहे.

दुसरा प्रश्न वर्षाचा. २०१५ दुष्काळाचे, २०१६ भरपूर पावसाचे. ही दोन चित्रे शेजारी ठेवली तर जिथे एक टोपलीभर माती उचलली गेली नाही, असा माळही सुधारल्यासारखा दिसेल. म्हणून सारख्या पावसाची वर्षे निवडून तुलना करायची असते. इव्हान्स आणि गीर्केन यांनी २००४ मध्ये सीरियाच्या कोरड्या प्रदेशात याला गणिती रूप दिले. पावसामुळे जेवढे हिरवेपण यायला हवे तेवढे आधी वजा करायचे आणि उरलेल्याचा कल वर्षानुवर्षे पाहायचा. उरलेले वाढत असेल तर माणसाच्या कामाचा हात त्यात असू शकतो; घटत असेल तर पाऊस चांगला असूनही जमीन खालावते आहे. याला आणखी एक जोड हवी : काम झालेल्या पाणलोटाशेजारी काम न झालेला, तशाच मातीचा आणि उताराचा पाणलोट घेऊन दोन्ही तपासायचे.

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात हजारो कामांची ठिकाणे छायाचित्रांसह नकाशावर नोंदली गेली, आणि ते पाऊल योग्य होते. पण बंधाऱ्याची नोंद झाल्याने बंधारा आहे एवढेच सिद्ध होते. जमिनीत आणि विहिरीत काय फरक पडला ते स्वतंत्रपणे मोजावे लागते. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने नेमक्या परिणामांबद्दल प्रश्न उपस्थित केले. यातून घ्यायचा धडा असा, की काम सुरू होण्यापूर्वीची स्थिती आणि तुलनेचे गाव आधीच ठरवून ठेवावे. नंतर शोधलेला पुरावा नेहमी वादाचा ठरतो.

मराठवाड्यातच जमीन सावरल्याचे उदाहरण आहे. जालना तालुक्यातल्या कडवंची इथे १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने काम झाले. सुमारे १,९०० हेक्टरचे पाणलोट क्षेत्र माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने हाताळले गेले. आधी माथ्यावर चर आणि झाडोरा, मग उतारावर बांधबंदिस्ती, शेवटी ओढ्यात बंधारे. गावाने श्रमदान केले. पुढे तिथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि २०१२ च्या दुष्काळातही त्या तगल्या. बागेचा हिरवा रंग हा तिथला वरवरचा पुरावा. माथ्यावरची माती थांबली, हा खरा. आज तिथेही पुढचा प्रश्न विचारायला हवा. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांमध्ये साठते ते पाणी वाहून जाणारे की विहिरीतून उपसलेले? शेततळी उपग्रहाला एकेक करून मोजता येतात. त्यांतले पाणी कुठले, हे गावच सांगू शकते.

जगातला एक दाखला देतो. आफ्रिकेतल्या नायजर देशात मरादी आणि झिंदर या प्रांतांत शेतकऱ्यांनी शेतातल्या तोडलेल्या झाडांच्या खोडांतून फुटणारे धुमारे राखायला सुरुवात केली. रोपवाटिका नाही, खड्डे नाहीत. जुनी हवाई छायाचित्रे आणि नवी उपग्रहचित्रे जुळवून पाहिल्यावर लक्षात आले की सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडे परत आली आहेत. आपल्याकडचे चित्र याच्या उलट आहे. कोपनहेगन विद्यापीठाच्या मार्टिन ब्रांट आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये दाखवले की २०१८ ते २०२२ या चार वर्षांत भारतातल्या शेतांमधली ५० लाखांहून अधिक मोठी झाडे नाहीशी झाली. तेलंगण आणि महाराष्ट्रातले भाग त्यात ठळक आहेत. बांधावरची बाभूळ, बोर, कडुलिंब, चिंच ट्रॅक्टरला आडवी येते म्हणून जाते. या नुकसानीची नोंद सातबाऱ्यावर होत नाही आणि पंचनाम्यातही नाही. आकाशातून मात्र एकेका झाडाची नोंद झाली आहे.

तिसरा प्रश्न माणसाचा. उपग्रहाला मातीची खोली दिसत नाही. वाफशात नांगर कसा चालतो, विहिरीला झरा कोणत्या हाताला आहे, पिकाखालची जमीन चोपण होऊ लागली आहे का, हे त्याला कळत नाही. पावसाळ्यात ढग आडवे येतात. त्यासाठी रडारचे उपग्रह आहेत आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला इस्रो-नासाचा निसार दर बारा दिवसांनी जमिनीवरचे बदल टिपतो. साधने वाढत जातील. तरीही चित्रातल्या चौकोनाचा अर्थ लावायला तिथे जाऊन माती हातात घ्यावी लागते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे शास्त्रज्ञ खड्डे खणून मातीचे थर पाहतात ते यासाठीच. ते ज्या शेतात खणतात तिथली पन्नास वर्षे ज्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहेत, त्याचे ज्ञान या विज्ञानाचाच भाग आहे. तो केवळ माहिती पुरवणारा नसून निष्कर्ष तपासणारा असायला हवा. गोदावरीच्या पात्रात आज वाळू आणि पाणी कुठवर आहे ते चित्रात दिसते; वाळू उपसल्यावर काठच्या विहिरींचे काय झाले, ते काठावरची माणसेच सांगतील. दोन्ही साक्षी जुळल्या तर तो पुरावा कोणालाही खोडता येणार नाही.

सप्टेंबर २०१९ मध्ये ग्रेटर नोएडाला झालेल्या जागतिक परिषदेत भारताने २०३० पर्यंत २.६ कोटी हेक्टर जमीन सावरण्याचे वचन दिले. हे वचन दिल्लीत मोजले जाईल, पण पाळले जाईल ते तालुक्यात. आकडे पूर्ण करण्याची घाई झाली की हिरवा चौकोन दाखवून सावरलेली जमीन म्हणून सांगण्याचा मोह होतो. त्याला आवर घालणारे शहाणपण गावाजवळ असले पाहिजे.

म्हणून इथल्या विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि सरपंचांना माझी विनंती आहे. प्रत्येक गावाने आपल्या शिवारातली पाच ठिकाणे निवडावीत : एक माळ, एक ओढा, एक बांधांची रांग, एक बागायती पट्टा, आणि खणलेली एक जागा. त्यांची दर मे महिन्याची चित्रे मागच्या तीस वर्षांपासून ओळीने लावावीत. शेजारी महसूल मंडळाचा पाऊस आणि विहिरींची पातळी लिहावी. महाविद्यालयांच्या भूगोल विभागांनी आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे काम गावकऱ्यांबरोबर चालत जाऊन करावे. हा तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा, ग्रामसभेत वाचावा, आणि पाणलोटाचे, वृक्षलागवडीचे, वाळूच्या लिलावाचे कोणतेही नवे प्रकरण पुढे आले की आधी त्याच्याकडे बोट दाखवून प्रश्न विचारावा. चित्रे मोफत आहेत, पद्धत शिकता येण्यासारखी आहे आणि जमीन आपली आहे. येत्या मे महिन्यात निदान दहा गावांनी सुरुवात करावी, एवढे मागून मी थांबतो.